चहाचं आधण उतरवा

ताई, नमस्कार.
माझं वय 43, यजमानांचं 47. वीस वर्षांपासून सिगारेट, दिवसाला पंधरा-सोळा. पहिली उठल्या उठल्या गॅलरीत, त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणतात. गणपतीत त्यांनी तिसऱ्यांदा सोडली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी लेकीवर असे काही ओरडले की ती जेवलीच नाही. निकोटिनचे च्युइंगम आणले होते, पण उपयोग शून्य, वर उचक्या. मी तरी आणखी काय करायचं? रजा टाकून घरी थांबले, एका शब्दाने दुखावलं नाही, जीव रमावा म्हणून तासातासाला चहा करून देत होते (एरवी ते पाच-सहा कप घेतात). चौथ्या दिवशी त्यांनीच पाकीट आणलं आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. स्वभावच तापट, त्याला औषध नाही. लेकीचं दहावीचं वर्ष आहे. दिवसाला दोन-तीन गॅलरीत ओढू द्याव्यात का? घरात शांतता तरी राहील.
– एक वाचक, डोंबिवली

तासातासाला चहा! अहो बाई, तुम्ही कंसात आणि जाता जाता लिहिलंत, पण तुमच्या घरात तिसऱ्या दिवशी जे काही झालं त्यातलं निम्मं त्या पातेल्यात उकळत होतं.

तुमच्या यजमानांच्या स्वभावाबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. तापट असतील, नसतील. पण ज्याची सिगारेट नुकतीच सुटली आहे अशा माणसाला दिवसाला दहा-बारा कप चहा पाजला, तर मूळचा गरीब गायीसारखा माणूसही भांडी आपटेल. कारण ऐका. सिगारेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात काम करू लागतं, आणि चहा-कॉफीतलं कॅफिन मोडण्याचं कामही त्याच एन्झाइमचं. म्हणून ओढणाऱ्यांना सात-आठ कप सहज पचतात. धूर बंद झाला की दोन-चार दिवसांत ते एन्झाइम थंडावतं. मग नेहमीच्याच चहाने रक्तातलं कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकतं, आणि तुम्ही तर चहाच दुप्पट केला होतात. छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणं, फॅनच्या आवाजानेही डोकं भडकणं, ही सगळी जास्त कॅफिनची लक्षणं. निकोटिन तुटल्याची लक्षणंही बरीचशी हीच, आणि त्यांचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त असतो. दोन्ही एकाच दुपारी अंगावर आली आणि सापडली कोण, तर लेक.

च्युइंगमने हे टळत नाही. एन्झाइमला जोर धुरामुळे येतो, निकोटिनमुळे नाही. (म्हणूनच दम्यासाठी थिओफायलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिनसारखी गोळी चालू असेल, तर सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. या औषधांचंही रक्तातलं प्रमाण असंच वाढतं.)

आता च्युइंगम का चाललं नाही ते. निकोटिन शोषलं जातं गालाच्या आतल्या कातडीतून, आणि तोंडात आम्ल असलं की ते नीट शोषलं जात नाही. चहा, कॉफी, लिंबूसरबत, कोल्ड्रिंक यांनी तोंड आंबट होतं, शिवाय घोटाबरोबर निकोटिन थेट पोटात जातं. पोटातलं निकोटिन बरंचसं यकृतातच मोडून जातं, मेंदूपर्यंत पोचतं थोडं. म्हणजे च्युइंगमचे पैसे गेले आणि पदरात काय पडलं, तर उचक्या आणि जळजळ. उचक्यांचं दुसरं कारण भराभर चघळणं. ही गोष्ट पाकिटावर लिहिलेली असते आणि कोणी वाचत नाही. सावकाश आठ-दहा वेळा चावायचं. मिरीसारखं झोंबायला लागलं की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. झोंबणं गेलं की, साधारण मिनिटभराने, पुन्हा चावायचं आणि या वेळी दुसऱ्या गालात ठेवायचं. असं अर्धा तास. च्युइंगमच्या आधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना पाण्याशिवाय काही नाही.

किती मिलिग्रॅमचं आणलं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली सिगारेट लागते, त्याला 2 मिलिग्रॅम पुरत नाही, 4 लागतं. तुमचे यजमान तर डोळे चोळतच गॅलरीत जातात. डॉक्टरांना विचारून 4 चं घ्या, आणि सोबत 21 मिलिग्रॅमचा निकोटिन पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) चालेल का तेही विचारा. दिवसाला दहाच्या वर ओढणाऱ्याला पॅचचा संथ पुरवठा आणि मध्येच तलफ आली तर च्युइंगम, ही जोडी नुसत्या एकापेक्षा जास्त उपयोगी पडते. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तोही तिथेच सांगा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक च्युइंगम, ठरवून, तलफेची वाट न पाहता. लोक एकदम असह्य झाल्यावर ते तोंडात टाकतात. सिगारेटचं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, च्युइंगमला कित्येक मिनिटं लागतात, म्हणून ते आधीच घ्यायला हवं. दिवसाला 24 च्या वर मात्र नाही.

तिसरी गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. वीस वर्षं ज्या हातात कप, त्याच्या दुसऱ्या हातात सिगारेट. प्रत्येक कपाबरोबर त्या दुसऱ्या हाताला आठवण होते. तुम्ही ती दिवसातून दहा वेळा करून दिलीत, मायेने.

तेव्हा माझं सांगणं एवढंच, चहा आवरा. एकदम बंद करू नका, नाहीतर कॅफिन तुटल्याने दुसऱ्याच दिवशी डोकं धरेल आणि खापर फुटेल सिगारेट सोडण्यावर. तारीख ठरवा. तिच्या आधीच्या आठवड्यात एक दिवसाआड एक कप कमी करत तीनवर या. सोडल्या दिवसापासून फक्त दोन, तेही लहान कपात, आणि दुपारी तीननंतर एकही नाही. ग्रीन टी आणि कॉफीही याच हिशेबात धरा. मध्ये काही गरम हवंच असेल, तर आलं-गवती चहा पाण्यात उकळून द्या, चहाची पूड न घालता, आणि स्टीलच्या पेल्यात. नेहमीचा कप काही आठवडे माळ्यावर टाका. च्युइंगम तोंडात असताना हा गवती चहाही नाही.

सकाळचा क्रम उलटा करायचा. उठलं की चूळ, कोमट पाणी, च्युइंगम. अर्ध्या तासाने चहा, तो स्वयंपाकघरात उभ्याने. गॅलरीतली खुर्ची आत आणा आणि तिथे कपडे वाळत घाला, म्हणजे बसायला जागाच उरणार नाही. पोटाची तक्रार खोटी नाही. निकोटिन आतड्यांना चालना देतं, ते गेलं की बरेच जण काही आठवडे कुंथतात. रात्री एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून, दिवसभर भरपूर पाणी, सकाळी पपई. हळूहळू ताळ्यावर येतं.

तलफ आली की ती पाच-दहा मिनिटांत ओसरते, मग कोणी समजूत काढो वा न काढो. त्या वेळात तुम्ही काहीही बोलायचं नाही. ‘फार होतंय का हो?’ तर मुळीच विचारायचं नाही. त्यांनी जिना उतरून सोसायटीला एक फेरी मारून यावं, खिशात पैसे न घेता, आणि फोनही घरीच ठेवून. टपरीवर आता क्यूआर कोड असतो. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे, पण कोपऱ्यावर ती मिळते हे तुम्हालाही ठाऊक आहे. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप, लवंग, गाजराचे तुकडे. सुपारी नको, गोडही नको. तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा तोंडाचा कर्करोग करते, आणि सिगारेट सोडणाऱ्याच्या हातात ती नेमकी घरचेच आणून ठेवतात.

लेकीला आधी सांगा की पहिला आठवडा बाबा चिडचिडे असतील आणि त्याचं कारण ती नाही. दहावीच्या मुलीला एवढं समजतं. तारीख मात्र अशी धरा की तिसरा-चौथा दिवस तिच्या परीक्षेत येणार नाही. आणि तुम्ही रजा टाकू नका. दिवसभर समोर बसून कोणी आपला चेहरा न्याहाळत असेल तर धडधाकट माणूसही वैतागतो.

राहिला तुमचा प्रश्न. नाही, दोन-तीन ओढू द्यायच्या नाहीत. हृदयाला ‘थोडीशी’ कळत नाही. दिवसाला एकच ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा हिस्सा नव्हे. शिवाय वीस वर्षं पंधरा ओढणारा माणूस तीनवर टिकत नाही. महिन्याभरात पुन्हा पंधरावर येतो, आणि मधल्या काळात पुढच्या सिगारेटची वेळ मोजत घरात फिरतो. तुम्हाला हवी असलेली शांतता त्यात कुठे आहे? चौथ्या दिवशी पाकीट आलं तेव्हा तुम्हाला हायसं वाटलं. अहो, चौथा दिवस! त्यानंतर उतारच असतो. बहुतेकांची चिडचिड तीन-चार आठवड्यांत निवते, फक्त भूक वाढलेली थोडी जास्त रेंगाळते. तुम्ही दोघांनी चढ चढून घेतला आणि उताराच्या तोंडाशी माघारी फिरलात, हे मात्र मला खरंच लागलं.

तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची मोफत क्विटलाइन आहे, 1800-11-2356. फोन त्यांनी स्वतः करायचा, तुम्ही लावून हातात द्यायचा नाही. च्युइंगम आणि पॅच नीट वापरूनही जमलं नाही, तर व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. ती सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करून साधारण 12 आठवडे घेतात. तोवर चहाचा डबा वरच्या फळीवर ठेवा आणि तुमचाही चहा ऑफिसात प्या, त्यांच्यासमोर नको.