पालकांचे प्रश्न: चिअरची जिम बदलायची का?

या वेळी ऑल-स्टार चिअरबद्दल (म्हणजे शाळेची नाही, खासगी जिमच्या टीमची स्पर्धात्मक चिअरलीडिंग) बरीच पत्रं आलीत, सीझन संपत आला की येतातच. त्यातली तीन घेतलीयेत, पहिलं मोठं आहे आणि त्याचं उत्तर त्याहून मोठं, आधीच सांगून ठेवते.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा, दोघंही एकाच जिममध्ये चिअर करतात. मुलगी फ्लायर आहे, म्हणजे बाकीच्या जिला वर उचलून धरतात ती, सलग दोन सीझन लेव्हल ३ वर (आकडा जितका मोठा तितकं अवघड), पुढच्या वर्षी ४ मिळेल अशी आशा होती. पण जानेवारीपासून तिची बॅक हँडस्प्रिंगच (मागे उडी घेऊन हातांवरून उलटून पायांवर यायचं) गेलीये, म्हणजे चांगली येत होती ती येईनाशी झाली, मागे उडी घ्यायची वेळ आली की नुसती उभी राहते. कोच चिडतात, एकदा सगळ्यांसमोर म्हणाले की तुझ्यामुळे रूटीन बदलावं लागतंय. घरी येऊन रडते. ४० मिनिटांवर दुसरी मोठी जिम आहे, तिथल्या कोचनी तिला ओपन जिमला (बाहेरच्या मुलांनाही येऊन सराव करता येतो त्या वेळेला) बघितलं आणि सरळ लेव्हल ४ ची टीम देतो म्हणाले. तिची मैत्रीण आधीच तिकडे गेलीये. मुलगा मात्र इथे एकदम खूश आहे. नवरा म्हणतो सीझन संपू दे मग बघू, मला वाटतं आत्ताच काढावं. आणि दोघांना दोन ठिकाणी घालणं म्हणजे वेडेपणा होईल का? — गोंधळलेली आई

उत्तर: वेडेपणा अजिबात नाही, त्यावर येते. पण आधी तुम्हाला एक विचारते. जी मुलगी जानेवारीपासून हँडस्प्रिंग करत नाहीये तिला लेव्हल ४ कशाच्या जोरावर मिळतेय? हँडस्प्रिंग लेव्हल २ ला येते, ३ ला राउंडऑफ-हँडस्प्रिंग करून टक (हात न टेकता, गुडघे पोटाशी घेऊन हवेत उलटायचं), आणि ४ ला लेआउट (तेच, पण अंग सरळ ठेवून) आणि उभ्या उभ्या टक. म्हणजे त्या कोचनी तिचं टम्बलिंग (जमिनीवरच्या या उड्या-कोलांट्या) बघूनच ऑफर दिली असेल असं काही मला वाटत नाही, त्यांनी तिला वर उभी असलेली बघितली, पाय सरळ, बॅलन्स चांगला, अंगाने लहान, आणि त्यांच्याकडे फ्लायर कमी असणार. यात वाईट काही नाही, सगळ्या जिम असंच करतात. स्कोअरशीटवर टम्बलिंगचे मार्क टीममधल्या किती जणांनी ते केलं यावर असतात, त्यामुळे मोठ्या टीममध्ये एखादी चांगली फ्लायर टम्बलिंग न करताही खपून जाते. पण मग पुढच्या वर्षी ती उंच झाली, किंवा तिच्याहून हलकी कोणी आली, तर तिची जागा काय? हे त्या कोचना स्पष्ट विचारा. "हिला आत्ता हँडस्प्रिंग येत नाही, तरी लेव्हल ४ देणार का, आणि फ्लायर म्हणून नाही घेतलं तर कुठल्या टीममध्ये बसवाल?" उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात त्यावरूनच बरंच कळेल.

आता ब्लॉक, म्हणजे येत असलेली उडी डोकं एकदम करूच देत नाही तो प्रकार. मला तुमच्या पत्रातली खरी गोष्ट ही वाटते, लेव्हल नंतरची. मेंटल ब्लॉक चिअरमध्ये आणि जिमनॅस्टिक्समध्ये इतका कॉमन आहे की ज्या कोचला तो नवीन वाटतो तो कोचच नवीन म्हणायचा. मागे उडी घेताना आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, आणि १२-१३ व्या वर्षी मुली एकदम उंच होतात, शरीराचा तोल बदलतो, जुना अंदाज चालेनासा होतो, कधी स्वतः पडलेली असते, कधी दुसरी पडताना बघितलेली असते, कधी कारण सापडतच नाही. यात आळस नाही आणि नाटकही नाही. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सिमोन बाइल्स टीम फायनलच्या मधूनच बाहेर पडली ते आठवतंय ना, हवेत आपण नेमके कुठे आहोत तेच तिला कळेनासं झालं होतं. तो प्रकार थोडा वेगळा, पण मुद्दा हा की जगातल्या सगळ्यात भारी जिमनॅस्टचं डोकं जर असं करू शकतं तर तुमच्या लेकीचं का नाही?

ओरडून ब्लॉक जात नाही, उलट घट्ट बसतो. जो कोच हे जाणतो तो पोरीला दोन पायऱ्या खाली नेतो, ट्रॅम्पोलिनवर, टम्बल ट्रॅकवर, उतारावर, हाताचा आधार देऊन, आणि तारीख देत नाही. "शनिवारच्या कॉम्पच्या (स्पर्धेच्या) आत झालं पाहिजे" हे वाक्य ब्लॉक असलेल्या मुलीला कधीच बोलायचं नसतं, घरीही नाही, आणि हे जरा तुम्हालाही सांगतेय कारण गाडीत बसल्या बसल्या "आज केलीस का?" असं आपण सगळेच विचारतो.

तर आत्ताच्या कोचना एकदा भेटा, प्रॅक्टिस संपल्या संपल्या दारात नाही, वेळ घेऊन. तक्रारीने सुरुवात करू नका. नुसतं विचारा की ब्लॉक आलेल्या मुलांसाठी तुमच्याकडे काय पद्धत आहे. आणि उरलेल्या सीझनपुरतं तिचं टम्बलिंग रूटीनमधून काढा अशी विनंती करा, रनिंग टम्बलिंगच्या (धावत येऊन करायच्या उड्यांच्या) वेळी फ्लायरला मागे किंवा बाजूला ठेवणं अवघड नसतं, फॉर्मेशन थोडी हलवावी लागते इतकंच. कोच हो म्हणाले आणि तिला टाकून बोलणं बंद झालं तर कदाचित जिम बदलायची गरजच उरणार नाही. "ती प्रयत्नच करत नाही" असं म्हणाले तर निघा, तेव्हा मला विचारायलाही थांबू नका. फक्त हे डोक्यात ठेवा की ब्लॉक बॅगेत बसून नवीन जिमलाही येतो. पहिले दोन आठवडे उत्साहात गेल्यासारखा वाटतो आणि मग परत येतो, त्यामुळे ब्लॉकबद्दलचा तोच प्रश्न तिकडेही विचारायचाच.

नवीन जिम बघायला जाल तेव्हा ट्रायआउटच्या (टीम निवडायच्या) दिवशी किंवा शोकेसला (पालकांसमोरच्या सादरीकरणाला) जाऊ नका, दुरून डोंगर साजरे दिसतात. साधी मधल्या वारची प्रॅक्टिस बघा, शेवटचा अर्धा तास, जेव्हा मुलं दमलेली असतात. स्टंट, म्हणजे फ्लायरला वर उचलून धरायचा प्रकार, पडतो तेव्हा खाली काय होतं ते बघा. दोन्ही बेस (खालून उचलणाऱ्या) आणि बॅकस्पॉट (मागून सांभाळणारी) फ्लायरच्या खाली घुसतात की हात मागे घेऊन बाजूला होतात? चांगल्या जिममध्ये फ्लायर जमिनीला लागणं ही मोठी गोष्ट असते, प्रॅक्टिस थांबते. वाईट जिममध्ये कोच "अगेन!" ओरडतो. नवीन स्टंट आधी जाड मॅटवर होतात का तेही बघा, आणि डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी काय करतात ते विचारा, याचं एकच बरोबर उत्तर आहे, मुलगी लगेच बाहेर आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. लेव्हल ४ ला स्टंटमधून उतरताना दोन फिरक्या असतात, तेव्हा खालचे हात कोणाचे आहेत याला फार महत्त्व आहे.

कोचेसचं बॅकग्राउंड चेक झालंय का, सेफस्पोर्ट ट्रेनिंग (खेळाडू मुलांचं शोषण कसं रोखायचं याचं) आहे का, आणि पालकांना प्रॅक्टिस बघू देतात का, हे विचारायला लाजू नका. या खेळाची गव्हर्निंग बॉडी यूएसएएसएफ निलंबित लोकांची यादी ठेवते, ती कोणालाही बघता येते, दोन मिनिटांचं काम आहे. २०२२ मध्ये साऊथ कॅरोलायनातल्या एका मोठ्या जिमवर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे खटले झाले, नामांकित जिम होती ती. भिंतीवर बॅनर किती लटकलेत यावरून आतलं काही कळत नाही.

आत्ता काढायचं की नंतर, यात मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने आहे. एका स्टंट ग्रुपमध्ये चार जणी, फ्लायर गेली की बाकी तिघी उभ्या राहतात, पूर्ण रूटीन नव्याने बसवावं लागतं आणि त्या तिघींपैकी दोघी तरी तुमच्या लेकीच्या मैत्रिणी असणार. शिवाय करारातली उरलेली फी, आणि मधेच गेल्यावर नवीन टीममधून या सीझनला खेळता येईल की नाही हाही प्रश्न. नवीन सीझनचे ट्रायआउट मे-जूनमध्ये असतात, तोवर थांबा. अपवाद एकच, अंगाला किंवा मनाला खरोखर धोका असेल तर करार गेला खड्ड्यात, उद्यापासून पाठवू नका. सगळ्यांसमोर पाणउतारा करणं चूकच आहे, पण एकदा झालं की रोज होतंय ते तुमच्या पत्रातून कळत नाही. रोज होत असेल तर माझं उत्तर बदललं असं समजा.

राहिला धाकटा. त्याला राहू दे ना! आठ वर्षांच्या पोराला आवडता कोच आणि दोन मित्र एवढं पुरतं, ते त्याला मिळालंय, आणि ताईचा प्रॉब्लेम सोडवायला त्याने का हलायचं? हाल तुमचे होणार, ते खरं. एका शनिवारी दोन शहरांत दोन कॉम्प येणार, भावंडांचं डिस्काउंट जाणार, एकेका मुलाच्या वाट्याला एकेक पालक येणार. म्हणून दोन्ही जिमची स्पर्धांची यादी समोरासमोर ठेवा आणि मगच सही करा. पण हा तुमच्या कॅलेंडरचा प्रश्न आहे, तो सोडवायला मुलाला उचलू नका. आणि मैत्रीण तिकडे आहे हे कारण मोजूच नका असं मी म्हणणार नाही, तेराव्या वर्षी ते कारण मोठंच असतं, फक्त दोघी एकाच टीममध्ये येतील याची खात्री कोणीच देत नाही तेवढं लेकीला आधी सांगून ठेवा.

प्रश्न: आमच्या जिमचा खर्च झेपेनासा झालाय. छोट्या जिममध्ये गेलो तर खरंच फरक पडेल का? — दोन मुलींचा बाबा

उत्तर: महिन्याच्या फीमध्ये पडेल, बाकी तुम्हाला वाटतं तितका नाही. कारण स्पर्धांचा खर्च जिमच्या हातात फार कमी असतो. एनसीए, यूसीए, चिअरस्पोर्ट, समिट अशा बऱ्याच मोठ्या स्पर्धा एकाच कंपनीच्या आहेत, व्हर्सिटीच्या, आणि बऱ्याच ठिकाणी ठरवून दिलेल्या हॉटेलातच राहावं लागतं. या मक्तेदारीवरून पालक कोर्टात गेले होते, २०२४ मध्ये ८ कोटी २५ लाख डॉलरला तडजोड झाली. तेव्हा नवीन जिमला विचारायचं ते असं, की यावर्षी विमानाने जायच्या स्पर्धा किती, आणि बिड (सीझनच्या शेवटच्या मोठ्या स्पर्धेचं आमंत्रण) मिळाली तर तिचा खर्च कोणाचा, कारण फुल पेड बिड (खर्च आयोजकांचा) आणि अ‍ॅट-लार्ज बिड यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसरीत आनंदाने रडून झालं की स्पर्धेला ऑर्लँडोला जायचं बिल आपणच भरायचं असतं. बदलताना पहिल्या वर्षी नवा युनिफॉर्म, नवी बॅग, नवं जॅकेट, परत रजिस्ट्रेशन, हे धरलं तर पहिलं वर्ष कधीकधी महागच पडतं.

त्यापेक्षा आहे त्याच जिममध्ये प्रेप टीम आहे का बघा. सीझन छोटा, प्रॅक्टिस कमी, प्रवास कमी. मुली नाक मुरडतील, कारण प्रेप म्हणजे खालचं असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं असतं, पण लहान मुलींना बेसिक पक्कं करायला ते वाईट नाही. आणि पैशांबद्दल मालकांशी सरळ बोला, फंडरेझिंग किंवा लहान मुलांच्या क्लासला मदत करून फी कमी करणं बऱ्याच ठिकाणी चालतं, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही एवढंच.

प्रश्न: मी १५ वर्षांची आहे. मी आणि आईबाबांनी जिम बदलायचं ठरवलंय पण आमच्या कोचला सांगायची भीती वाटतेय, ग्रुप चॅटवर आधीच कुजबुज सुरू झालीये. काय करू?

उत्तर: आज सांग. कुजबुज सुरू झालीये म्हणजे कोचना अर्धं कळलंय, आणि दुसऱ्याकडून कळलेलं जास्त लागतं. आईला किंवा बाबांना सोबत घे, समोर जाऊन बोल, जमत नसेल तर फोन कर, मेसेज नको. "मी पुढच्या सीझनला दुसरीकडे ट्राय करणारे, इथे जे शिकले त्यासाठी थँक्यू" एवढं पुरे. का जातेस याची यादी देऊ नको, त्यांनी खोदून विचारलं तर एक खरं कारण सांग आणि थांब, उरलेलं बोलायला आईबाबा आहेत. मग लगेच तुझ्या स्टंट ग्रुपला सांग, पोस्ट टाकायच्या आधी. आणि "तुम्हीपण चला ना" हे कोणालाही म्हणू नको, त्यावरून जिमजिममध्ये फार भांडणं होतात आणि नाव तुझं येईल.

कोच दोन दिवस नीट बोलणार नाहीत कदाचित, ते मनावर घेऊ नको. उरलेल्या कॉम्प मात्र पूर्ण जोर लावून कर. आणि जुन्या जिमचं जॅकेट घालून नवीन जिमच्या ट्रायआउटला जाऊ नको. हसू नको, दर वर्षी कोणीतरी जातंच.