‘नावे’ म्हणजे वजा नव्हे

लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानाचा हिशोब पाहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्या सध्या टॅली, म्हणजे संगणकावर हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर, शिकतायत. दुकानातली ५०,००० रोख बँकेत भरली, तर बँक खातं डेबिट, म्हणजे ‘नावे’, करायचं असं शिकवणारे सांगतात. बँकेचा मेसेज मात्र क्रेडिट, म्हणजे ‘जमा’, म्हणतो. खरं कोणतं?

ताई, दोन्ही खरं. ‘नावे’ म्हणजे वजा, असं आपण मनात धरून बसतो, तिथं घोटाळा होतो. शब्द आहे तसा वाचा: नावे, म्हणजे अमक्याच्या नावावर. किराणा दुकानात आपण “माझ्या नावावर मांडून ठेवा” म्हणतो. दुकानदार काही वजा करत नाही, या माणसाकडून येणं आहे एवढंच लिहून ठेवतो. तसंच हे. तुम्ही पैसे बँकेच्या हवाली केलेत, म्हणून तुमच्या वहीत ते बँकेच्या नावे. बँकेच्या वहीत तेच पैसे तुमचे जमा. वही कुणाची, हे आधी विचारायचं.

तुमच्या आडतीतच बघा. शेतकऱ्याच्या सोयाबीनचे हमाली-तोलाई जाता ४२,००० झाले, ते त्याचे जमा. त्यातले १०,००० त्यानं उचलले, ते त्याच्या नावे. बाकी ३२,००० जमा, म्हणजे दुकानाकडून त्याला देणं. हे तुम्हाला झोपेतही येतं. बँकेलाही असंच एक गिऱ्हाईक समजा.

जुन्या वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. इंग्रजी पद्धतीत डेबिट डावीकडे. वहीवर हात बसलेला माणूस संगणकापुढे अडखळतो तो यामुळंही. बाजू विसरा, शब्द धरा.

‘जमा’ आणि ‘बाकी’ अरबीतून आले, ‘नावे’ मात्र आपल्या ‘नाव’मधून. डेबिटच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘देणं लागणं’ असाच. पण तो अर्थ इंग्रजी शब्दात आता कुणाला ऐकू येत नाही. ‘नावे’मध्ये तो अजून स्वच्छ ऐकू येतो, म्हणून शिकताना मला हाच शब्द जवळचा वाटतो.

तेव्हा टॅलीत एफ-४ दाबून कॉन्ट्रा व्हाउचर, म्हणजे रोख आणि बँक यांच्यातल्या व्यवहाराची नोंद, उघडा आणि आकडा भरताना मोठ्यानं म्हणा: गल्ल्यानं दिले, गल्ल्याचे जमा ५०,०००, बँकेनं घेतले, बँकेच्या नावे ५०,०००.