बाहेरच्या लोखंडी रेलिंगला रंग दिला तरी वर्षभरात पुन्हा गंज येतो, काय करावे?

रंगाखाली गंज शिल्लक राहिला की वरून कितीही हात दिले तरी तो आतल्या आत पसरतो आणि रंगाला फुगे येऊन पोपडे सुटतात. त्यामुळे यातले खरे काम रंगाचे नसून घासण्याचे आहे, आणि नेमका त्याचाच कंटाळा केला जातो. तारेच्या ब्रशने पोपडे काढून 80 नंबरच्या पॉलिश पेपरने लोखंड चकाकेपर्यंत घासावे, थिनरच्या फडक्याने पुसावे आणि ते पुन्हा गंजण्याआधी, त्याच दिवशी, झिंक फॉस्फेट प्रायमर लावावा. तो वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन पातळ हात पुरेत.

खांब फरशीत शिरतो तो सांधा मात्र बारकाईने पाहावा, कारण पाणी तिथेच मुरते. स्क्रूड्रायव्हर जोरात दाबल्यावर टोक आत गेले, तर तेवढा भाग कापून नवा तुकडा वेल्डिंग करून घेण्यावाचून गत्यंतर नाही. लांबी (पुट्टी) भरून तो गंजलेला भाग केवळ झाकला जातो. शेवटी त्या सांध्याभोवती सीलंट असा भरावा की पाणी खांबापासून दूर उतरेल. जुन्या रंगात शिसे असण्याची शंका असल्यास कोरडे घासू नये.