आधी डॉप्लर, मग मशीन

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न: आई ६८ वर्षांच्या. संध्याकाळी पाय जड होतात, पोटऱ्या ठणकतात. पायांखाली ठेवायचं, विजेच्या हलक्या झटक्यांनी 'रक्ताभिसरण सुधारणारं' मशीन २८,००० रुपयांना मिळतंय. आईची १ लाखाची एफडी मोडू, की कार्डावर वर्षभराचा नो-कॉस्ट ईएमआय करू?

ताई, तूर्तास दोन्ही नको.

मशीन थोतांड आहे असं नाही. पोटरी आवळली की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. चालताना हेच होतं, मशीन ते बसल्या जागी करवतं. पण दुखणं शिरांच्या झडपांचं आहे, धमनी अरुंद झाल्याचं आहे की मधुमेहाने मज्जातंतूंवर झालेल्या परिणामाचं, हे मशीनला कसं कळणार? पेसमेकर असेल किंवा शिरेत गुठळी असेल तर ते लावायचंच नसतं. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. हप्ता मात्र २,३३३ रुपये ३३ पैसे, पैशासकट!

व्हॅस्क्युलर सर्जनची (रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांची) फी आणि दोन्ही पायांचा डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, यासाठी पाच-सहा हजार बाजूला काढा. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या तुलनेत ०.९ पटीहून कमी भरला, तर संशय धमनीवर. तिथे मुख्य व्यायाम म्हणजे दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. आठवड्यातून तीनदा, निदान १२ आठवडे. खर्च चांगल्या बुटांचा. दोष शिरांचा निघाला तर घट्ट मोजे देतात, पण धमनी फार अरुंद असेल तर तेच मोजे अपाय करतात. म्हणून अंदाजाने काहीच घेऊ नका.

डॉक्टरांनीच मशीन सुचवलं, तर आधी फिजिओथेरपिस्टकडे आठ-दहा सिटिंग करून फरक पडतो का बघा. आमच्या घरच्या फूट मसाजरवर सध्या रद्दी ठेवलेली असते, म्हणून सांगतो.

आता पैशांचं. एफडी मुदतीआधी मोडली की जितके दिवस ठेवली तितक्याच दिवसांचा दर मिळतो, त्यातूनही बहुतेक बँका अर्धा-एक टक्का कापतात. नो-कॉस्टमध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुधा तुमच्याच माथी येतो. शिवाय एकरकमी घेतल्यास किती सूट मिळते, ते दुकानदार आपणहून सांगत नाही. घ्यायचंच ठरलं तर चार-पाच महिने थोडे थोडे पैसे बाजूला टाकून रोखीने घ्या, परत करायची मुदत लेखी मागून. मेडिक्लेमवर विसंबू नका, घरी वापरायची उपकरणं त्यात सहसा बसत नाहीत.

डॉप्लरचा रिपोर्ट आला की कळवा. तोवर एफडीची पावती कपाटातच राहू द्या.