घरातील सेल निवडताना आधी उपकरणाची भूक पाहावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: थोरल्या मुलाच्या चार सेलच्या आगगाडीत दर दोन-तीन दिवसांनी नवे सेल घालावे लागतात, म्हणून घरातील सगळीच उपकरणे रिचार्जेबल सेलवर आणावीत का; आणि कपाटात वर्षभर पडून राहिलेल्या खेळण्यातल्या पियानोत सेल गळून पांढरी भुकटी साचली आहे, तो आता टाकूनच द्यावा का. धाकटे मूल दीड वर्षाचे असल्याचेही आपण लिहिले आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

सगळीच उपकरणे रिचार्जेबल सेलवर आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सेल कोणत्या कंपनीचा आहे यापेक्षा उपकरण विजेचा किती आणि कसा प्रवाह ओढते याने फार मोठा फरक पडतो. भिंतीवरचे काट्यांचे घड्याळ सेकंदाला एक लहानसा झटका घेते आणि त्याची सरासरी मिलिअँपिअरच्या काही भागाइतकीच असते. रिमोट बटण दाबले तेवढ्यापुरताच जागा होतो. उलट मोटर असलेले खेळणे चालू असेपर्यंत सलग काहीशे मिलिअँपिअर ओढते आणि गाडी भिंतीला अडून चाके थांबली की हा आकडा आणखी वाढतो. अल्कलाइन पेन्सिल सेलची क्षमता सावकाश वापरल्यास साधारण 2000 ते 2800 मिलिअँपिअर-तास भरते, पण तोच सेल एक अँपिअरच्या आसपास वापरला तर त्यातली निम्मीसुद्धा हाती लागत नाही. उरलेली ऊर्जा आतल्या रोधातच, म्हणजे प्रवाहाला सेलच्या आतच होणाऱ्या अडथळ्यात, खर्च होते आणि सेल गरम होतो. तेव्हा आपली आगगाडी दोन-तीन दिवसांत सेल संपवते, त्यात सेलचा फारसा दोष नाही. तिच्या भुकेसाठी तो सेल बनलेलाच नाही.

दुकानात दिसणारे साधे पेन्सिल सेल मुख्यतः दोन प्रकारचे असतात आणि वेष्टनावरची जाहिरात वाचण्यापेक्षा बारीक अक्षरातला संकेत वाचावा. ‘आर6’ म्हणजे झिंक-कार्बन, ‘एलआर6’ म्हणजे अल्कलाइन. बारीक पेन्सिल सेलसाठी हेच संकेत ‘आर03’ आणि ‘एलआर03’ असे असतात. ‘हेवी ड्यूटी’ असे ठळक छापलेला सेल बहुधा झिंक-कार्बन निघतो, त्यामुळे त्या शब्दांवर विसंबून तो मोटरच्या खेळण्यासाठी घेतल्यास निराशाच पदरी पडते. घड्याळात आणि कमी वापराच्या रिमोटमध्ये मात्र झिंक-कार्बन सेल व्यवस्थित चालतो. त्याची एकच अडचण आहे: त्याचा बाहेरचा जस्ताचा डबाच रासायनिक क्रियेत झिजत जातो, त्यामुळे संपलेला सेल आत विसरला तर तो फुटून पाझरतो. म्हणून घड्याळाचा सेल तो बंद पडण्याची वाट न पाहता वर्षातून एका ठरावीक तारखेला बदलावा.

आगगाडीला, खेळण्यातल्या मोटारीला, फ्लॅशला आणि गेमच्या कंट्रोलरला निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल द्यावेत. यांचा आतला रोध कमी असतो, त्यामुळे मोठा प्रवाह ओढला तरी ते आपली बहुतेक क्षमता देतात. यावर 1.2 व्होल्ट लिहिलेले पाहून अनेक जण बिचकतात, कारण साध्या सेलवर 1.5 लिहिलेले असते. पण अल्कलाइन सेल 1.5 वर फार वेळ टिकत नाही. वापर सुरू झाला की त्याचा विद्युतदाब, म्हणजे व्होल्टचा आकडा, सतत उतरत 0.9 पर्यंत जातो, तर निकेलचा सेल जवळजवळ शेवटपर्यंत 1.2 च्या आसपासच राहतो. मोटरवर ताण असताना तर पुष्कळदा निकेलचा सेलच वरचढ ठरतो. अपवाद आहेत. सहा सेल ओळीने लागणाऱ्या उपकरणाला 9 ऐवजी 7.2 व्होल्टच मिळतात आणि काही उपकरणे तेवढ्यावर सुरू होत नाहीत, किंवा नुकतेच भरलेले सेल घातले तरी ‘बॅटरी अर्धी’ असे दाखवतात. त्या खुणेवर विश्वास ठेवू नये. उपकरण प्रत्यक्ष किती वेळ चालते ते पाहावे.

रिचार्जेबल सेल घेताना ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ लिहिलेलेच घ्यावेत. जुन्या पद्धतीचे निकेल सेल नुसते पडून राहिले तरी काही आठवड्यांत बरेच रिकामे होत. 2005 नंतर बाजारात आलेल्या या सुधारित सेलमध्ये वर्षभरानंतरही साधारण 70 ते 85 टक्के भरणा शिल्लक राहतो. क्षमतेचा आकडा जितका मोठा तितका सेल चांगला, असे समजू नये. पेन्सिल आकारात 1900 ते 2000 मिलिअँपिअर-तासांचा सेल दीर्घकाळ टिकतो, 2500 चा सेल एका खेपेला जास्त चालतो पण तुलनेने लवकर थकतो, आणि त्याच आकारात 3000 च्या पुढचा आकडा छापलेला निकेल सेल मी विकत घेत नाही.

अलीकडे यूएसबीवर चार्ज होणारे 1.5 व्होल्टचे लिथियम-आयन सेलही मिळतात. त्यांच्या आत एक लहान सर्किट असते, जे आतला जास्त दाब कमी करून बाहेर कायम 1.5 व्होल्ट देते. ज्या उपकरणाला 1.2 चालतच नाही, त्याला हे सेल उपयोगी पडतात. मात्र त्यांच्यावर आकडा बहुधा मिलिवॉट-तासात छापतात, म्हणून तो मोठा दिसतो. 3000 मिलिवॉट-तासाला 1.5 ने भागले की 2000 मिलिअँपिअर-तास उरतात, आणि 2000 मिलिअँपिअर-तासाच्या निकेल सेलला 1.2 ने गुणले की 2400 मिलिवॉट-तास होतात. तुलना अशी एकाच मापात करावी. हे सेल संपताना आगाऊ सूचना न देता एकदम बंद पडतात, रेडिओत खरखर आणू शकतात, आणि निकेलच्या चार्जरमध्ये ते कदापि घालू नयेत.

चार्जरवर थोडा जास्त खर्च करावा, हे मी आग्रहाने सांगतो, कारण सेल वापराने खराब होण्यापेक्षा चुकीच्या चार्जरने जास्त खराब झालेले मी पाहिले आहेत. प्रत्येक सेलकडे स्वतंत्र लक्ष देणारा आणि सेल भरला की आपोआप थांबणारा चार्जर घ्यावा. सेल ठेवायच्या प्रत्येक खाचेसाठी वेगळा दिवा आणि एकच सेल ठेवला तरी चार्जिंग सुरू होणे, ही त्याची ओळख. दोन-दोन सेल एकत्रच भरणारे किंवा केवळ घड्याळाच्या वेळेवर चालणारे चार्जर अर्धवट रिकाम्या सेलला गरजेपेक्षा जास्त भरतात. भरत आलेला सेल कोमट लागणे साहजिक आहे; हातात धरवत नसेल इतका तापला तर मात्र चार्जर तरी बिघडला आहे किंवा सेल तरी संपला आहे. साधा अल्कलाइन सेल चार्जरमध्ये घालू नये, हे मुलांनाही सांगून ठेवावे.

आता सेल एकत्र घालण्याविषयी. चार सेलच्या आगगाडीत तीन ताजे आणि एक अर्धा वापरलेला सेल घातला, तर तो अशक्त सेल आधी रिकामा होतो, आणि उरलेले तिघे त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात. त्याची टोके उलटी होतात, म्हणजे धन टोक ऋण बनते, आत हायड्रोजन वायू साठतो, झडप उघडते आणि द्रव बाहेर येतो. घरातले बरेचसे सेल असेच गळतात. मी निकेलचे सेल विकत आणल्याच्या दिवशीच त्यांच्यावर मार्करने अक्षर आणि महिना लिहितो: ‘क’ गटातले चार सेल कायम एकत्र वापरायचे, एकत्र काढायचे आणि एकत्र भरायचे. आपल्या आगगाडीसाठी असे चार-चारचे दोन गट पुरेसे आहेत. एक गाडीत असताना दुसरा चार्जरमध्ये राहील. गाडी मंदावली की लगेच सेल काढण्याची सवय मात्र थोरल्याला लावावी, कारण चाके थांबेपर्यंत गाडी ओढत राहिल्यास निकेलच्या सेललाही तीच उलट्या टोकांची इजा होते.

पियानोकडे वळतो. अल्कलाइन सेलच्या आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा तीव्र अल्कली असतो. तो बाहेर आला की हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याची पांढरी भुकटी बनते. ती त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देते, म्हणून हातमोजे घालून आणि मुले खोलीत नसताना काम करावे. सेल काढून टाका, सुकी भुकटी जुन्या दातांच्या ब्रशने कागदावर झाडा, तोंडाने फुंकू नका. मग कानात घालायच्या कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस अगदी थोडा लावून स्प्रिंग आणि पत्रा पुसा. बारीक बुडबुडे येतील आणि फसफस ऐकू येईल. ते थांबले की तेथला अल्कली संपला असे समजावे. त्यानंतर पाण्याने किंचित ओल्या काडीने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, सेलच्या खाचेचे झाकण उघडे ठेवून पूर्ण सुकू द्यावे. माझ्या भाच्याच्या अशाच एका पियानोत पुसल्यानंतरही आवाज आला नव्हता. भिंगातून पाहिले तेव्हा स्प्रिंगच्या मुळाशी हिरवट गंज चढलेला होता आणि तेथे जोडलेली तार बोट लावताच तुटून हातात आली. स्प्रिंग बारीक पॉलिशपेपरने घासून ती तार नव्याने डाख दिल्यावर पियानो वाजू लागला. आपलाही पुसून वाजला नाही, तर प्रथम ती तारच पाहावी. झिंक-कार्बन सेलची गळती मात्र आम्लधर्मी असते. तिला व्हिनेगर लावून उपयोग नाही, पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने ती पुसावी.

महिनाभर वापरात येणार नाही अशा प्रत्येक खेळण्यातून सेल काढून ठेवावेत. सेल फ्रिजमध्ये ठेवू नयेत. बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरते आणि फायदा काहीच होत नाही. 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोके शेजारी असतात, म्हणून ती नाणी-किल्ल्यांबरोबर एका खणात ठेवू नये. तिच्यामुळे आग लागू शकते.

आता धाकट्याविषयी, आणि हा भाग कृपया घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. बटण सेल, विशेषतः 2032 हा 20 मिलिमीटर व्यासाचा 3 व्होल्टचा लिथियम सेल, लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो. तेथे ओल्या त्वचेतून प्रवाह वाहू लागतो, ऋण टोकाजवळ पाण्यापासून तीव्र अल्कली तयार होत राहतो आणि दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. त्यासाठी सेल फुटावा किंवा गळावा लागत नाही. उपकरण चालवण्यास असमर्थ ठरलेल्या, म्हणजे आपण ‘संपलेला’ म्हणतो त्या सेलमध्येही एवढी इजा करण्याइतकी शक्ती उरलेली असते. लाळ गळणे, खोकला, खाणे नाकारणे ही लक्षणे दिसतात, पण कधी काहीच दिसत नाही. म्हणून गिळल्याची नुसती शंका आली तरी तत्काळ एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. उलटी करवू नये. मूल एक वर्षाच्या वर असेल, गिळू शकत असेल आणि सेल गेल्या बारा तासांत गिळला असेल, तर रुग्णालयात नेता नेता दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, द्यावा असे विषबाधेचे तज्ज्ञ सांगतात; मधासाठी निघायला मात्र उशीर करू नये. एक वर्षाखालील मुलाला मध देऊ नये. नाकात किंवा कानात घातलेला सेलही तितकाच तातडीचा समजावा आणि तेथे घरी कसलेही थेंब टाकू नयेत.

खेळण्यांची झाकणे बहुधा स्क्रूने बंद असतात. धोका त्यांच्यापेक्षा मोठ्या माणसांच्या वस्तूंमध्ये जास्त असतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा, मोटारीच्या चावीचा रिमोट, दिव्यांच्या माळेचा चपटा रिमोट, वाजणारे शुभेच्छापत्र यांची झाकणे नखाने उघडतात किंवा मुळात झाकणच नसते. ज्याचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, ती वस्तू मुलाच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवू नये. नवा सेल पाकिटातून घालण्याच्या क्षणीच काढावा, आणि काढलेल्या जुन्या सेलला लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून, ई-कचऱ्यात देईपर्यंत तो उंचावरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. आगगाडीचे सेल उद्या आणले तरी चालतील. आज रात्री मुले झोपल्यावर घरातल्या प्रत्येक चपट्या रिमोटचे आणि वजनकाट्याचे झाकण तेवढे उघडून पाहा.