तूप खाल्लं की ते थेट रक्तात जातं का? रोज किती खावं?

थेट जात नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बाबांच्या मानेच्या डाव्या बाजूच्या गाठी काढल्या तेव्हा ड्रेनच्या (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) बाटलीत दोन दिवस लालसर पाणी येत होतं. तिसऱ्या दिवशी आत्याने तुपातला शिरा करून आणला, बाबांनी आवडीने खाल्ला. संध्याकाळी बाटलीत दूध! म्हशीच्या दुधासारखं पांढरं. दादा म्हणाला, पू झालाय. सर्जननी बाटली उजेडात धरली आणि विचारलं, "आज काय खाल्लंत?"

ते शिऱ्यातलं तूपच होतं, पण आतड्याने नव्याने बांधलेलं. पित्ताने तुपाचे बारीक थेंब होतात, मग लायपेज हे पाचक द्रव्य ते तोडतं: ग्लिसरॉलच्या कण्याला जोडलेल्या तीनपैकी दोन फॅटी ॲसिड सुटी होतात, एक ग्लिसरॉलला चिकटून राहतं. अख्खा रेणू आतड्याच्या पेशीत शिरत नाही म्हणून ही तोडफोड. आत गेल्यावर पेशी तेच तुकडे परत जोडते आणि वर प्रथिनाचं वेष्टण चढवते. हा झाला कायलोमायक्रॉन, म्हणजे वेष्टणातला चरबीचा थेंब. केशवाहिनीत शिरायला तो फार मोठा, म्हणून लसीकावाहिनीतून (रक्तवाहिन्यांपेक्षा वेगळ्या, लसीका म्हणजे लिम्फ वाहणाऱ्या नळीतून) छातीतल्या नळीने वर चढतो आणि मानेच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या मुळाशी शिरेत, म्हणजे रक्तात, उतरतो. बाबांची तीच नळी ऑपरेशनमध्ये दुखावली होती. १६२२ साली इटलीत गास्पारे आसेल्ली या वैद्याला नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात याच पांढऱ्या वाहिन्या दिसल्या होत्या.

मग बाबांचं तूप-तेल बंद, फक्त एमसीटी (मध्यम लांबीच्या फॅटी ॲसिडचं) तेल. त्यातली आखूड फॅटी ॲसिड सरळ यकृताकडे जातात, नळीला विसावा मिळतो. दादा म्हणे खोबरेल चालेल. नाही चालत, त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक ॲसिड, आणि ते बरंचसं लसीकेच्याच वाटेने जातं.

रोज किती? धडधाकट माणसाने वरणभातावरच्या चमचाभर तुपाला घाबरू नये. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले असतील किंवा स्वादुपिंडाचा त्रास असेल, तर मात्र डॉक्टरांनाच विचारा.

आणि कुणाच्या घरी असं झालंच तर डबा आणणाऱ्याला बोल लावू नका. शिऱ्याने गळती झाली नव्हती, ती आधीपासून होती. शिऱ्यामुळे फक्त ती पांढरी दिसली आणि वेळेवर कळली. वॉर्डात सगळ्यांसमोर दादा आत्याला नाही नाही ते बोलला. बाबा बरे झाले, पण त्याने अजून तिला फोन केलेला नाही. आत्या येते, पण हातात डबा नसतो.