स्वयंपाकघरातील कपाटे आणि साठवणीचे डबे कसे लावावेत, म्हणजे पुन्हा पसारा होणार नाही?

कपाटे आवरली तरी काही आठवड्यांतच पसारा का होतो आणि सगळे डबे एकसारखे घेतले तर तो थांबेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते डब्यांची खरेदी सर्वांत शेवटी करावी. पसारा बहुधा वस्तू काढताना नव्हे, तर परत ठेवताना होतो. जी वस्तू जागेवर ठेवण्यासाठी आधी दोन डबे उचलावे लागतात, ती घाईच्या वेळी ओट्यावरच राहते. म्हणून मी कोणतीही मांडणी एकाच कसोटीवर तपासतो: रोजची वस्तू एका हाताने, दुसरे काहीही न हलवता, परत ठेवता येते का?

ही कसोटी नवी नाही. मार्गारेटे शुट्टे-लिहोट्झकी या वास्तुविशारद महिलेने 1926 मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या नव्या घरांसाठी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचे स्वयंपाकघर आखले. त्यात कोरड्या जिन्नसांसाठी नावे घातलेले ॲल्युमिनियमचे खण होते. खण ओढायचा आणि त्याच्या चोचीतून जिन्नस थेट भांड्यात ओतायचा. पिठाचा खण मात्र अळ्या दूर राहाव्यात म्हणून ओक लाकडाचा होता. हाताला काय सोपे पडते आणि जिन्नस कशाने टिकतो, हे दोन्ही प्रश्न तिने एकत्र सोडवले, आणि मला तीच पद्धत योग्य वाटते.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. कंबर ते खांदा या उंचीतील फळ्या सर्वांत मोलाच्या असतात; त्या रोजच्या वस्तूंना द्याव्यात, जड भांडी व मोठे डबे खाली ठेवावेत आणि क्वचित लागणाऱ्या हलक्या वस्तू वर न्याव्यात. ओट्याखालची कपाटे साधारण 60 सेंटिमीटर खोल असतात, त्यामुळे मागे गेलेली वस्तू विस्मरणात जाते आणि आपण तीच पुन्हा विकत आणतो. तेथे ट्रॉली बसवणे उत्तम. ते शक्य नसेल तर फळीच्या खोलीइतका लांब ट्रे ठेवावा, म्हणजे तो ओढला की मागचे सारे पुढे येते.

शेगडीच्या अगदी वरच्या किंवा लगतच्या कपाटात मसाले आणि तेल ठेवण्याचा मोह बहुतेकांना होतो, पण तो टाळावा असे मी आग्रहाने सांगेन. उष्णता आणि वाफ यांमुळे मसाल्यांचा गंध उडतो, पूड ओलावा धरून गोळा होते आणि तेल लवकर खवट होते. त्या जागी झारे, कढया, तवे ठेवावेत. सिंकखाली ओल असते आणि गळतीची शक्यताही असते, म्हणून तेथे खाण्याचे काहीही ठेवू नये. साफसफाईची द्रावणे तेथे ठेवायची असतील आणि घरात लहान मूल असेल, तर त्या दाराला कुलूप किंवा बालसुरक्षा कडी हवीच. बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत, कारण उजेडात ते हिरवे पडतात आणि त्यांत सोलानिन हे विषारी द्रव्य वाढते. कांद्यांनाही हवेशीर, कोरडी जागा लागते, पण ती बटाट्यांपासून वेगळी असावी.

अर्ध्या रिकाम्या डब्यात नवे पीठ किंवा धान्य ओतण्याची सवय मात्र सोडावीच लागेल. तळाशी राहिलेले जुने पीठ प्रत्येक वेळी तळाशीच राहते, खवट होते, आणि कीड लागलेली असेल तर ती नव्या मालातही पसरते. डबा पूर्ण रिकामा करून, धुऊन, खडखडीत वाळवून मगच भरावा. उरलेले जुने पीठ वेगळ्या लहान बरणीत पुढे ठेवून आधी संपवावे. सालासकट दळलेल्या पिठात धान्याच्या अंकुरातील तेल असते, म्हणून ते पांढऱ्या पिठापेक्षा लवकर बिघडते आणि थोडेथोडेच आणणे बरे. ज्या पिठाला वारंवार किडे होतात, ते आणल्यावर घट्ट बंद करून उणे 18 अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवल्यास किडे आणि त्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर हवेतील दमट थेंब पिठात उतरतात.

डब्यावर जिन्नसाचे नाव आणि भरल्याची तारीख चिकटवावी. मूळ वेष्टनावरची अंतिम तारीख डब्यात ओतताना हरवते, तीही लिहून घ्यावी.

एवढे झाले की डब्यांचा विचार करावा. बंद कपाटासाठी पारदर्शक डबे सोयीचे, उघड्या फळीसाठी उजेड अडवणारे. गोल डब्यापेक्षा चौकोनी डबा निवडावा, कारण गोल डबा ज्या चौरसात बसतो त्यातील सुमारे 21 टक्के जागा कोपऱ्यांत रिकामी राहते. सगळे एकाच मापाचे घेण्याची गरज नाही. आपण एका वेळी जेवढा जिन्नस आणता तेवढा पूर्ण मावेल असे माप घ्यावे, आणि खरेदीपूर्वी फळीची आतली उंची व खोली मोजून, झाकण उघडायला वर बोटभर मोकळी जागा राहील याची खात्री करावी.